थोरलीची संकष्टी

सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. गणपतीच्या सोंडेची शपथ, माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शपथ. तरी कुणाला शंका असेल तर देवगडच्या दीपस्तंभाला जाऊन विचारा. तो इतकी वर्षं तिथे उभा राहून दुसरं करतो काय? यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तर उद्यापासून माझ्या ताटात सोलकढी वाढू नका.

तर, मनाली जोईल. किल्ल्याच्या वाटेवर तिचं घर. बाई साठी ओलांडलेली. त्या काळातल्या आज्यांची नावं अशीच असायची, मनाली, दर्शना, स्नेहल. अंगाने भरलेली, आणि हसली की आधी पोट हलायचं, मग मागून आवाज यायचा. नवरा संदेश आंब्याची कलमं बांधायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक ओवी लग्न होऊन मालवणात. घरात उरल्या दोघीच, मनाली आणि थोरली.

थोरली म्हणजे कुणी माणूस नव्हे. माजघरात भिंतीला लागून मोठी काचेची टाकी होती, तिच्यात वाढलेलं जांभळ्या शेंड्यांचं प्रवाळ म्हणजे थोरली. हरणाची शेकडो शिंगं एकाच बुंध्यातून फुटावीत तसं.

आता समुद्रातलं प्रवाळ माजघरात कशाला, म्हणाल. तर त्या वर्षांत समुद्र असा काही तापला, की मालवणच्या खडकांवरची प्रवाळं पांढरीफटक पडून मरून गेली. जी चार जिवंत राहिली, त्यांचे अंगठ्याएवढे तुकडे किनारा खात्याने किनाऱ्यावरच्या घरांत सांभाळायला दिले, टाकी आणि दिव्यांसकट. पाणी निवलं की परत समुद्रात लावायचे. लोक म्हणायचे, तुळस दारात, प्रवाळ घरात.

प्रवाळ दिसतं दगडासारखं, वाढतं झाडासारखं, पण असतो तो प्राणी. एकही नाही, हजारो. तांदळाच्या कणीएवढे जीव, प्रत्येकाला एक तोंड आणि तोंडाभोवती मिशा. एखाद्या चाळीत राहावं तसे चिकटून राहतात. खाऱ्या पाण्यात विरघळलेला चुना ओढून घेतात आणि स्वतःच्याच बुडाखाली दगड घालतात. त्यावर बसतात, आणखी घालतात, आणखी वर सरकतात. शिवाय अंगात बारीक शेवाळ भाडेकरू म्हणून ठेवलेलं. ते उजेडावर साखर करतं आणि मालकाला भरवतं. पाणी तापलं की या दोघांचं फाटतं, भाडेकरू निघून जातो, मालक पांढरा पडतो आणि उपाशी मरतो.

संदेशला हे सगळं समजायला वेळ लागला नाही. तो कलमवाला. पक्कडीने थोरलीची एक फांदी कट्कन मोडायची, चकतीएवढ्या दगडावर डिंक लावून चिकटवायची. थोड्याच दिवसांत फांदी दगडावर पसरते आणि नवं झाड वाढायला लागतं. रंगाने, रूपाने, स्वभावाने हुबेहूब थोरली.

"हापूस कसा गं?" तो म्हणायचा. "पहिला हापूस कधीचा मेला, पण कलम आहे म्हणून तोच जिवंत आहे. कलमाला मरण नसतं."

तो गेल्यावर मनालीने पक्कड हातात घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाटी देतात, गाळणी देतात. मनाली वाण म्हणून थोरलीची फांदी द्यायची. ज्यांची मूळची प्रवाळं जगली नव्हती त्या बायकांनी ती नेली, आपल्या टाकीत वाढवली, पुढच्या संक्रांतीला फांद्या मोडून आपल्या नणंदांना, भावजयांना दिल्या. एकीचं दहा जणींकडे, दहांचं शंभरांकडे. दह्याचं विरजण फिरावं तशी थोरली अख्ख्या किनाऱ्यावर फिरली.

फक्त एका घरी गेली नाही.

ओवीच्या लग्नात मनालीने रुखवतात सगळ्यांत पुढे, लाडू-करंज्यांच्याही पुढे, काचेच्या भांड्यात थोरलीची फांदी मांडली होती. ओवीची सासू वेंगुर्ल्याची दर्शना कुबल. शिडशिडीत, ताठ मानेची, उपासतापासात कडक. तिने रुखवत पाहिलं, लाडू उचलले, करंज्या उचलल्या, आणि फांदीपाशी येऊन चारचौघांत म्हणाली, "हे राहू दे. आमच्याकडे आमचं आहे."

झालं. त्या दिवसापासून दोघी विहिणी एकमेकींशी फक्त बारशाला आणि तेराव्याला बोलायच्या, आणि तेही तिसऱ्याकडे बघून.

आता एक गोष्ट राहिली, ती म्हणजे दिवा. टाकीवर एक लांब दिवा असायचा. त्यात दिवसा सूर्य आणि रात्री चंद्र. आभाळातल्यासारखाच रोज उशिरा उगवणारा, कमीजास्त होणारा निळसर चंद्र. खात्याचं म्हणणं, प्रवाळाला महिना कळला पाहिजे. पण बाजूला एक कळ होती. ती सरकवली की चंद्र आपल्याला हवा तेव्हा उगवायचा. कुणी झोपताना डोळ्यांवर उजेड नको म्हणून चंद्र मागे ढकलायची, कुणी पाहुण्यांना दाखवायला भरदुपारी पौर्णिमा करायची. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ना, तशा त्या वर्षांत घरोघरी वेगळ्या तिथी होत्या.

आणि मनाली करायची संकष्टी. म्हणजे दिवसभर उपास, आणि चंद्र दिसला की मोदक, वरणभात. पण संकष्टीचा चंद्र मेला आळशी. सूर्य बुडून अंधार पडतो, आणि हा काही येत नाही. साबुदाण्याने मनालीला पित्त व्हायचं. मग ती काय करायची, तर सूर्य बुडाल्याबरोबर हळूच कळ सरकवायची. टाकीत चंद्र उगवायचा. मनाली हात जोडायची, "आलास बाबा? बरं झालं," म्हणायची आणि पान वाढून घ्यायची. कळ परत मागे न्यायला मात्र विसरायची. अवसेनंतर दिवा आपला आपण ताळ्यावर यायचा. संदेशला हे माहीत होतं. तोही तिच्याबरोबर जेवायला बसायचा.

असं चाललं होतं. आणि मग सालपट आलं.

दिवाळीच्या सुमारास पहिली बातमी आली विजयदुर्गातून, मग जैतापुरातून. प्रवाळाच्या बुंध्यापासून कातडी सुटायला लागायची, उकडलेल्या बटाट्याची साल सुटते तशी. खाली नुसतं पांढरं हाड. ते पांढरं चढत चढत शेंड्यापर्यंत गेलं की संपलं. एकेक टाकी विझत गेली. बायका फोनवर रडायच्या. पौषात थोरलीच्या बुंध्याला बोटभर पांढरा पट्टा दिसला.

ओवी आणि जावई धावत आले. जावई ईशान किनारा खात्यातच होता. त्याने सगळ्या गावांतून प्रवाळांचे कपचे गोळा करून तपासायला दिले होते.

"आई, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्या टाक्या तपासल्या," तो म्हणाला. "सगळीकडे थोरलीच आहे. तिच्या बहिणी नव्हेत, लेकी नव्हेत. तीच."

मनालीचा चेहरा उजळला. "अख्ख्या किनाऱ्यावर माझीच? अरे मग पेढे का नाही आणलेस?"

"पेढे कसले, आई! एकीला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारणार. एका किल्लीने सगळी घरं उघडतायत."

"सगळी म्हणजे सगळी?"

ईशान खिशातला रुमाल काढून टाकीची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

"सांग ना," ओवी त्याला म्हणाली, आणि मग स्वतःच बोलली, "एक वेगळी आहे, आई. तिला सालपट लागतच नाही. बाजूला रोगट फांदी ठेवून पाहिली, तरी ढिम्म."

"कुणाकडे आहे?"

"मम्मीकडे," ईशान काचेकडे बघत म्हणाला.

मनाली उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने डबे उगाच इकडचे तिकडे केले आणि परत आली. "मग त्या बाईकडच्या फांद्या वाटा सगळीकडे. माझ्याकडे कशाला आलात?"

"म्हणजे परत तेच. उद्या दुसरा रोग आला की सगळ्या परत एकदम. कलम नको आई, आता कोय हवी. दोघींची."

"कोय?" मनालीने नाक मुरडलं. "कलमवाल्याच्या घरात येऊन रायवळाची गोष्ट करतोस? कोयीचं झाड म्हणजे नशिबाचा खेळ. आंबट निघेल, तंतू निघतील, काय वाट्टेल ते निघेल!"

"तेच तर हवंय. काय वाट्टेल ते."

मग त्याने समजावलं. प्रवाळ फांदीनेही वाढतं आणि बीजानेही. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, पौर्णिमा उलटली की एका संध्याकाळी प्रत्येक तोंडातून एक गुलाबी मणी सुटतो. त्यात अंडी आणि बीज दोन्ही बांधलेलं. मणी पाण्यावर तरंगतात, फुटतात, एकमेकांत मिसळतात. पण स्वतःचं बीज स्वतःच्या अंड्याला चालत नाही.

"म्हणजे सगोत्र," मनाली म्हणाली.

"सगोत्र. म्हणून वाण दिलेल्या सगळ्या टाक्या एकत्र ओतल्या तरी उपयोग नाही. मम्मीचीच हवी, जात तीच पण गोत्र वेगळं. थोरली कधी अंडी टाकते?"

"कधीच नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही."

ईशानने थोरलीची करंगळीएवढी फांदी मोडून बॅटरीखाली धरली. मोडलेल्या जागी मसुराच्या डाळीसारखे गुलाबी ठिपके दाटलेले. "ही तर गर्भार आहे! दरवर्षी होत असणार. मग बाळंत का होत नाही?"

ते कुणालाच सांगता येईना. तो जाताना एकच बजावून गेला, "आई, आता पक्कड लावायची नाही. कापलं की ती सगळा जीव जखम भरण्यात घालते आणि अंडी पोटातच जिरवते. चैत्रापर्यंत नुसतं धरून राहायचं."

दुसऱ्या दिवशी मनालीने फोन लावला.

"मी देवगडहून बोलतेय."

"देवगडात पुष्कळ माणसं राहतात."

"मनाली. ओवीची आई."

"हं. बोला विहीणबाई. रुखवतातलं काही परत हवं होतं का?"

"परत मागायला तुम्ही घेतलं कुठे होतंत?"

मनालीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तीच म्हणाली, "तुमच्या मुलीला आमच्याकडे पाठवायचं म्हणतोय ईशान. टाकीतल्या. आमची आजारी आहे, तिला हलवता येत नाही."

"चिंगीला? ती एकटी प्रवास करत नाही. मला बरोबर यावं लागेल."

"या ना. घर तुमचंच आहे."

"माझे उपास कडक असतात. चालेल ना तुमच्याकडे?"

मनालीने टाकीवरच्या दिव्याकडे पाहिलं. "आमच्याकडेही कडकच असतात," ती म्हणाली.

माघ सरता सरता दर्शनाबाई लाँचमधून उतरल्या. मांडीवर थर्माकोलचा खोका, खलाशालाही हात लावू दिला नव्हता. खोक्यातून चिंगी निघाली. मनालीला वाटलं होतं, काय अप्सरा असेल. निघालं शेणाच्या रंगाचं, ठेंगणं, फुगीर बोटांचं प्रवाळ. मनालीने ओठ आवळून धरले, पण पोट हललंच.

"हसा," दर्शना म्हणाली. "जाळ्यात अडकून आली होती. सासऱ्यांनी सोडवली. रूप नाही, पण हाडाची चिवट आहे."

चिंगीला टाकीत ठेवलं, पण थोरलीपासून हातभर लांब. प्रवाळं जवळ आली की लांब दोरे सोडून एकमेकींना डसतात, शेजारणीची कातडी जाळतात. विहिणींचंही तेच. एकीचं अंथरूण माजघरात, दुसरीचं ओटीवर. आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून रोज दोरे सुटायचे.

आणि फाल्गुनातली संकष्टी आली.

सूर्य कलला तशी दर्शना देवळात गेली. मनालीने सकाळपासून दम धरला होता. खोबऱ्याचा वास घरभर सुटला होता. बाहेर अंधार पडला, आणि सवयीचा हात, तो आपोआपच कळीवर गेला. टाकीत निळा चंद्र उगवला. मनालीने हात जोडले आणि अख्खा मोदक तोंडात टाकला.

"काय करतंस गो?"

दारात दर्शना. चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलेली. तिने बाहेरच्या काळ्या आभाळाकडे पाहिलं, मग टाकीतल्या चंद्राकडे, मग मनालीच्या फुगलेल्या गालाकडे. मोदक गिळताही येईना आणि काढताही येईना.

दर्शना उंबऱ्यावरच बसली आणि हसायला लागली. अशी हसली, की तिला हसता येतं हे मनालीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "गणपतीक फसवतंस? कधीपासून?"

"संदेश होता तेव्हापासून," मनाली कसंबसं गिळत म्हणाली. "दर संकष्टीला."

दर्शनाचं हसू एकदम थांबलं. "दर संकष्टीला? चैत्रातल्यासुद्धा?"

"सगळ्या."

"अगो बाई," ती हळूच म्हणाली. "माझी चिंगी चैत्रातल्या संकष्टीलाच बाळंत होते. सूर्य बुडतो, चंद्र आलेला नसतो, त्या अंधारात. दरवर्षी. मी उपाशी बसलेली असते म्हणून तर मला दिसतं!"

फोन केल्यावर ईशानने आधी बोटांवर तिथी मोजल्या. मग म्हणाला, "अंधारच असतो तो निरोप, आई. पौर्णिमेपर्यंत सूर्य बुडायच्या आत चंद्र वर असतो, अंधार होतच नाही. पौर्णिमा उलटली की चंद्र रोज उशीर करतो आणि मधे अंधाराची फट पडते. ती फट एवढी झाली की प्रवाळाला कळतं, आज. सगळ्यांनी एकाच वेळी मणी सोडायचे तर खूण नको? ती फट म्हणजेच संकष्टीची वाट बघणं. आणि तुम्ही नेमकी तीच दर महिन्याला दिवा लावून बुजवत होतात."

मनाली टाकीपुढे बसली. "म्हणजे मी गरम जेवावं म्हणून ही इतकी वर्षं..." तिने डोळ्यांना पदर लावला.

"पुरे," दर्शना म्हणाली. "रडून टाकीतलं मीठ वाढवू नको. मोजून घातलंय ते."

तिने कळ मागे सरकवली, चंद्र मावळला, आणि दोघी अंधारात बसून राहिल्या. त्या दिवसापासून अहो-जाहो गेलं. अंथरुणं दोन्ही माजघरात आली.

पण पांढरं चढत होतं. महिन्याभरात थोरली कमरेपर्यंत गेली. खालच्या जुन्या हाडावर गुलाबी, खरखरीत पापुद्रा धरायला लागला होता. मेलेल्या प्रवाळावर तसलं एक शेवाळ येतंच. वर मात्र मूठभर जांभळे शेंडे जिवंत होते. मनाली सकाळी उठून आधी तिथे बोट लावून मापायची.

एका दुपारी तिने पक्कड काढली. स्टूल टाकीजवळ ओढलं आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. दर्शना मागे बसून कुळीथ निवडत होती.

"हे चार शेंडे कापले तर वाचतील कदाचित," मनाली तिच्याकडे न बघता म्हणाली. "वेगळ्या टाकीत ठेवीन. संदेशने हातांनी लावलेली आहे गं ही. तिची पोरं होतील ती कशीही होतील. ही नसेल. त्याच्या हातचं काहीच नसेल."

दर्शनाने एक खडा काढून बाजूला टाकला. "काप हवी तर. ईशानला सांगेन, मीच कापली म्हणून. माझ्यावर तो ओरडत नाही."

मनालीने मान वळवली. "तू खोटं बोलशील? उपासवाली बाई?"

"बोलेन. एकदा आधी बोललेच आहे. 'आमच्याकडे आमचं आहे' म्हटलं ना तुझ्या मांडवात? खरं म्हणजे तुझी फांदी बघून माझा जीव गेला होता. एवढं देखणं मी कधी पाहिलं नव्हतं. ते घरी नेलं असतं तर माझ्या चिंगीकडे कोण बघणार होतं? सासऱ्यांच्या मागे तिला बघणारी मी एकटीच होते."

टाकीतला पंप घुरघुरत होता. मनालीने हात बाहेर काढला, पक्कड पदराला पुसली आणि फडताळात सगळ्यात वरती, जिथे तिचा हात पोचत नव्हता तिथे, दर्शनाला ठेवायला सांगितली.

चैत्रातली संकष्टी आली. ईशान आणि ओवी दुपारीच पोचले. खिडक्यांना गोधड्या लावल्या. सूर्य बुडाला तसे पंप बंद केले; पाणी आरशासारखं थांबलं. एक लाल बॅटरी तेवढी. लाल उजेड प्रवाळाला कळत नाही. मोदक झाकून ठेवले होते. चौघं टाकीपुढे मांडी घालून बसली.

गुर्रर्र झालं.

"तुझं पोट की माझं?" मनालीने विचारलं.

"तुझं. माझ्याला शिस्त आहे."

"शू!" ओवी म्हणाली.

चिंगीच्या अंगावर एकेका तोंडात एकेक मणी येऊन बसला. जणू पुरळ उठलं. आणि मग एक सुटला. त्याच्यामागे दुसरा. साबुदाणा उकळीबरोबर वर यावा तसे गुलाबी मणी डुलत डुलत पृष्ठभागाकडे निघाले. समुद्राचा ओला, मासळीसारखा वास घरभर झाला. ईशान वाटीने ते टिपायला लागला.

थोरली गप्प.

"चंद्राला किती वेळ आहे?" मनालीने विचारलं.

"थोडाच," ईशान म्हणाला. "तो उगवला की मग नाही."

मनालीचा हात आपोआप दिव्याच्या दिशेने उठला, कळ थोडी पुढे ढकलावी, चंद्राला जरा थांबवावं म्हणून. दर्शनाने तो वरच्यावर धरला आणि मांडीत दाबून ठेवला. "आता कुणाला फसवायचं नाही. तिला बरोबर कळतं."

मनालीने काचेला कपाळ टेकलं. "थोरले," ती पुटपुटली, "चुकले गो बाय. एवढ्या वेळा तुझ्या तोंडावर दिवा लावला. आज बघ, मीपण उपाशी आहे."

आणि अगदी वरच्या शेंड्यावर एक मणी आला. मग दुसऱ्या शेंड्यावर. मग त्या मूठभर जांभळ्या शेंड्यांतून, इतक्या वर्षांचं साठवलेलं असावं तसे, मणीच मणी सुटले. मनाली रडत होती की हसत होती ते लाल उजेडात कळलं नाही; पोट मात्र हलत होतं.

काचेच्या पातेल्यात दोघींचे मणी एकत्र केले. मनालीने डावाने हलकेच ढवळलं. दर्शनाने मंगलाष्टक सुरू केलं, आणि शेवटच्या 'सावधान'ला तिची मूठ तांदळाच्या डब्याकडे गेली.

"मम्मी, अक्षता नाही!" ईशान ओरडला.

चंद्र कधी उगवला ते कुणीच पाहिलं नाही. मोदक गार झाले होते.

पुढचे दिवस दोघी पातेल्यापासून हलल्या नाहीत. साबुदाणा धुतात तसं अलगद पाणी बदलत राहिल्या, कारण जास्तीचं बीज राहिलं तर पाणी नासतं. मणी फुटले, अंडी गोल झाली, लांबट झाली आणि पोहायला लागली. जिरेसाळ तांदळाच्या कणीएवढी पोरं, डोळे नाहीत, पाय नाहीत, पण घर शोधायला निघालेली. ईशानने त्यांच्यासाठी खास फरश्या आणल्या होत्या, जाळीत मांडून टाकीत ठेवल्या. पोरांनी जाळीच्या भोकांतून पळ काढला. त्यांना हवा असतो तो गुलाबी पापुद्रा, आणि तो सगळ्यात जास्त होता थोरलीच्याच मेलेल्या बुंध्यावर. पोरं गेली ती थेट आईच्या हाडावर जाऊन बसली, आणि प्रत्येकीने आपल्या बुडाखाली टाचणीच्या डोक्याएवढा पहिला दगड घातला.

वैशाखात थोरलीचा शेवटचा शेंडा पांढरा झाला. मनालीने तिला टाकीतून काढलं नाही. काढता येतच नव्हतं. ती आता भरलेली होती.

"बघ," दर्शना म्हणाली, "कलम करताना खाली रायवळाचा खुंट असतो ना, आणि वर हापूस? तुझ्याकडे उलटं झालं. खाली कलम, वर रायवळ."

मनाली बुंध्याकडे बघत राहिली. "संदेशला आवडलं असतं," ती म्हणाली. "आधी भांडला असता, मग आवडलं असतं."

ती रायवळ पोरं पुढे कशी निघाली म्हणता! एक हिरवी, एक पिवळट, एक जांभळ्या शेंड्यांची पण ठेंगणी. एक तर चिंगीपेक्षाही शेणकट. सालपट परत आलं, त्यांतल्या बऱ्याच जणींना घेऊन गेलं, आणि ज्या राहिल्या त्यांनी नुसती मान झटकली. त्याच आज मालवणच्या खडकांवर वाढतायत. ओहोटीला होडीतून वाकून बघा, दिसतील. त्यानंतरच्या एका संक्रांतीला मनालीने परत वाण वाटलं, पण एकीसारखं दुसरीला दिलं नाही. शेणकट होती तिची पहिली फांदी काचेच्या भांड्यात घालून स्वतः वेंगुर्ल्याला घेऊन गेली. दर्शनाने चारचौघांत दोन्ही हात पुढे करून ती घेतली.

आणि त्या चैत्रापासून मनालीने एकही संकष्टी चंद्राआधी सोडली नाही.

बरं, बरं. असे डोळे वटारू नका. सोलकढीचं पातेलं खाली ठेवा आधी.

हे शेवटचं वाक्य तेवढं माझ्या पदरचं. बाकी सगळं खरं. टाकीच्या चंद्राला मनालीने पुन्हा कधी हात लावला नाही, हेही खरं. पण स्वयंपाकघरात, मोदकपात्राच्या वर, तिने दुसरा एक छोटा चंद्र टांगला होता. दर्शनानेच दिलेला. त्याची जोडी दर्शनाच्या स्वयंपाकघरात होती. सूर्य बुडाला की वेंगुर्ल्याहून देवगडला फोन यायचा.

"इलो काय गो चंद्र?"

"इलो. बस जेवायला."